हवेची होडी आणि आउटबोर्ड मोटर: जोडीची निवड, जुळणी आणि पहिले दहा तास

मोठी बोट नांगरावर उभी आहे, किनारा समोर दिसतो आहे आणि मधले तीनशे-चारशे मीटर पाणी हवा भरलेल्या लहान होडीतून पार करायचे आहे. हा प्रवास दिवसातून चार वेळा होतो; कधी पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन, कधी अंधारात, तर कधी समोरून वारा आणि उसळते पाणी असताना. एवढे काम जिच्यावर सोपवायचे ती होडी आणि तिची मोटर बहुतेक जण दोन वेगळ्या वेळी आणि दोन वेगळ्या निकषांवर विकत घेतात: होडी लांबी पाहून, मोटर अश्वशक्ती पाहून. माझे मत असे आहे की ही एकच खरेदी आहे आणि तिची सुरुवात वजनापासून व्हायला हवी. होडी रोज कोण उचलणार, मोटर ट्रान्समवर, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीवर, कोण चढवणार आणि भरलेल्या होडीचे एकूण वजन किती होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे दुकानात जाण्यापूर्वी कागदावर उतरली, तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप मार्गी लागतात.

आधी कागदावरचा हिशोब

नेहमीच्या फेरीत होडीत किती माणसे आणि किती सामान असेल ते लिहावे. वर्षातून एखाद्या वेळी होणारी गर्दी यात धरू नये. उदाहरण घेऊ. दोन माणसांचे १५० किलो, सामानाचे ४० किलो, होडीचे ४५ किलो, मोटरीचे २७ किलो, टाकीसह इंधनाचे १० किलो आणि वल्ही, नांगर, दोर वगैरेंचे १० किलो धरले, तर बेरीज २८२ किलो होते. आता या वजनाला वेग किती हवा ते ठरवायचे.

लहान होडीचे चालणे दोन प्रकारचे असते. पहिल्यात होडी पाणी बाजूला सारत, स्वतःच उठवलेल्या लाटेत बसून पुढे सरकते आणि तिचा वेग पाण्यात असलेल्या लांबीवर अवलंबून राहतो. ही लांबी मीटरमध्ये मोजून तिच्या वर्गमुळाला २.४३ ने गुणले की साधारण कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. अडीच मीटर लांबीला तो ३.८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७ किलोमीटर येतो. दुसऱ्या प्रकारात पुरेशी शक्ती मिळाल्यावर होडी पाण्यावर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत धावते. यालाच प्लेनिंग म्हणतात. त्यासाठी ढोबळ हिशोब असा की एकूण वजनाच्या दर २० ते २५ किलोंमागे एक अश्वशक्ती लागते. वरच्या उदाहरणातील २८२ किलोंना ११ ते १४ अश्वशक्ती हवी. एकटा माणूस रिकाम्या होडीत बसला, तर तिलाच ७ ते ८ पुरते.

येथे एक पेच आहे आणि तो समजून घेणे महत्त्वाचे आहे. सहा अश्वशक्तीची मोटर २७ किलोंची असते, तर दहाच्या आसपासची ३७ ते ४५ किलोंची. म्हणजे शक्ती वाढवताना वजनही वाढते, ते होडीच्या अगदी मागच्या टोकाला वाढते आणि ते उचलणारे हात तेच राहतात. चारशे मीटरचे अंतर कमी वेगानेही चार मिनिटांच्या आत संपते. तेथे प्लेनिंगचा लाभ जवळपास शून्य आहे. दोन सागरी मैल, म्हणजे सुमारे ३.७ किलोमीटर जायचे असतील, तर हळू चालीने अर्धा तास लागतो आणि बारा नॉटने दहा मिनिटे. तेथे मोठी मोटर खरोखर कामाची आहे. अंतर कमी आणि पाणी आडोशाचे असेल, तर अडीच ते चार अश्वशक्तीत समाधान मानणे शहाणपणाचे आहे. अंतर मोठे असेल, तर भार हलका ठेवून सरळ आठ ते दहाकडे जावे. मधली सहाची मोटर दोन माणसे आणि सामान घेऊन सहसा पाण्यावर उचलत नाही, त्यामुळे तिच्याकडून प्लेनिंगची अपेक्षा धरून ती घेणाऱ्याची निराशा होते.

उचलण्याची चाचणी दुकानातच करावी, आणि ती कुटुंबातील किंवा सोबत्यांतील सर्वांत कमी ताकदीच्या व्यक्तीने करावी. स्थिर जमिनीवर २७ किलो उचलता येणे आणि हलत्या बोटीच्या कडेवरून तेच वजन खाली डोलणाऱ्या होडीत उतरवणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. जमिनीवर उचलतानाच कष्ट पडत असतील, तर एक तर हलकी मोटर घ्यावी, नाही तर मोटर उचलण्यासाठी कप्पीची सोय आधी करावी आणि मग खरेदी करावी.

तळ कोणता हवा

होडीचा स्वभाव तिच्या तळावरून ठरतो. सर्वांत हलकी असते ती पट्ट्यांच्या तळाची होडी: कापडी तळात आडव्या लाकडी पट्ट्या बसवलेल्या, गुंडाळी करून लहानशा कपाटातही मावणारी, वजनाने २० ते २५ किलो. वल्ह्यांनी किंवा दोन-तीन अश्वशक्तीने चालवायला ती पुरेशी आहे. तिच्याकडून वेगाची अपेक्षा करू नये, कारण तळ पाण्याच्या दाबाने लाटेसारखा वाकतो.

त्यानंतर येतो उच्च दाबाचा हवेचा तळ. याच्या वरच्या आणि खालच्या थराला हजारो धाग्यांनी जोडलेले असते, त्यामुळे आत ०.७ ते ०.८ बार दाब भरला तरी तो फुग्यासारखा गोल न होता फळीसारखा सपाट आणि ताठ राहतो. अशी २.७ मीटरची होडी साधारण ३० किलोंची असते आणि खाली हवेचा कणा असल्यामुळे सरळही चालते. जागेची अडचण असलेल्यांसाठी माझी पहिली पसंती हीच आहे. लाकडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या सुट्या फळ्यांचा तळ अधिक ताठ असतो, परंतु त्याची जुळवाजुळव बोटीच्या अरुंद डेकवर करणे हे बोटे चेमटणारे काम आहे. रोज घडी घालायची असेल, तर तो टाळावा.

चौथा प्रकार म्हणजे फायबरग्लास किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कडक, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा तळ आणि त्याभोवती हवेच्या ट्यूब. १९६० च्या दशकात वेल्समधील अटलांटिक कॉलेजमध्ये डेस्मंड होअर यांच्या पुढाकाराने या रचनेचा विकास झाला, आणि जगभरातील बचावनौकांनी ती उचलली याचे कारण उघड आहे: ट्यूबमुळे तरंगण्याची खात्री मिळते आणि कडक तळामुळे लाट कापली जाते. या होडीची घडी होत नाही. ३.१ मीटरची फायबरग्लासची होडी ५५ ते ६५ किलोंपर्यंत जाते. अ‍ॅल्युमिनियमची त्याच लांबीची त्याहून बरीच हलकी मिळते आणि दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर ओढली, तरी तिला खोक पडत नाही. बोटीवर ती टांगण्याची किंवा डेकवर पालथी ठेवण्याची जागा असेल आणि लांबच्या फेऱ्या असतील, तर अ‍ॅल्युमिनियमच्या तळासाठी जास्त पैसे मोजणे योग्य ठरते.

दुहेरी तळ की एकेरी, हा प्रश्न विक्रेता विचारेल. दुहेरी तळात वर सपाट फळी मिळते, त्यामुळे टाकी आणि सामान घसरत नाही आणि साचलेल्या थोड्या पाण्यात पाय भिजत नाहीत. त्याबदल्यात काही किलो वजन वाढते. मुले किंवा वयस्कर माणसे नेहमी चढउतार करणार असतील, तर सपाट तळ घ्यावा.

कापड

पीव्हीसी आणि हायपलॉन ही दोन नावे कानावर पडतील. हायपलॉन हे ड्यूपाँ कंपनीचे व्यापारी नाव. त्या कंपनीने २०१० मध्ये त्याचे उत्पादन थांबवले, परंतु त्याच जातीच्या कृत्रिम रबराचे, म्हणजे सीएसएमचे कापड इतर कारखाने बनवतात आणि बाजारात जुने नाव चालू आहे. हे कापड सूर्याचे अतिनील किरण, पेट्रोल आणि घासणे यांना जास्त तोंड देते. त्याचे सांधे हाताने चिकटवावे लागत असल्याने होडी महाग पडते. पीव्हीसीचे सांधे उष्णतेने जोडता येतात, होडी स्वस्त आणि हलकी होते, परंतु कडक उन्हात कायम राहिल्यास कापड आधी चिकट आणि मग ठिसूळ होते.

निवड सोपी आहे. होडी वर्षभर उष्ण कटिबंधातील उन्हात पाण्यावरच राहणार असेल, तर हायपलॉनच घ्यावे. ती वर्षातले काही आठवडे वापरून उरलेला काळ सावलीत घडी करून ठेवायची असेल, तर चांगल्या प्रतीचे पीव्हीसी पुरते. कोणतेही कापड घेतले तरी त्याचे नाव लिहून ठेवावे, कारण दोन्हींचा गोंद वेगळा असतो आणि एकाचा गोंद दुसऱ्यावर टिकत नाही.

होडी हातांनी तपासताना

ट्रान्समवर किंवा ट्यूबवर निर्मात्याची पाटी असते. कमाल माणसे, कमाल भार, मोटरीची कमाल शक्ती आणि ट्यूबचा दाब हे चार आकडे तिच्यावरून वहीत उतरवावेत. हवेच्या होड्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६१८५ हे आहे. त्याचा पहिला भाग ४.५ किलोवॅटपर्यंतच्या मोटरीच्या होड्यांना आणि दुसरा भाग ४.५ ते १५ किलोवॅटच्या होड्यांना लागू होतो. युरोपीय पाटीवर सी किंवा डी असा वर्गही दिसेल. डी म्हणजे आडोशाचे पाणी, वारा ब्युफोर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मोजपट्टीवर ४ पर्यंत आणि लाट ०.३ मीटरच्या आसपास. सी म्हणजे वारा ६ पर्यंत आणि लाट २ मीटरपर्यंत. पाटीवरील माणसांची संख्या सपाट पाण्यासाठीची समजावी. मी स्वतः लाटांच्या पाण्यात तिच्यातून एक माणूस वजा करतो.

त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात. ट्यूबचा व्यास ४० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर प्रत्येक लहान लाट आत येते. ४२ ते ४५ सेंटिमीटरची ट्यूब बसणाऱ्याला बरीच कोरडी ठेवते. हवेचे कप्पे किमान तीन असावेत, म्हणजे एक फाटला तरी होडी घरी आणता येते. ओढण्यासाठीच्या कड्या पुढे दोन्ही बाजूंना आणि कडक तळ असल्यास तळावरही असाव्यात, आणि त्यांच्या पट्ट्यांचे कोपरे नखाने उचलून पाहावेत. चिकटवण्यात कुचराई झाली असेल, तर ती येथे लगेच दिसते. वल्ह्यांच्या कड्यांत वल्हे घालून दोन-चार हात मारून पाहावेत. हे कोणी करत नाही, आणि मग मोटर बंद पडल्यावर कळते की वल्हे अर्धा मीटर आखूड आहे.

ट्रान्समची उंची तेथेच टेपने मोजावी: वरच्या कडेच्या मध्यापासून तळाच्या सर्वांत खालच्या रेषेपर्यंत. ती ३८ सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर आखूड शाफ्टची (पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याची), म्हणजे १५ इंची मोटर लागते. ५१ सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर लांब शाफ्टची, म्हणजे २० इंची. बहुतेक लहान होड्यांना आखूड शाफ्टच लागतो. मोठ्या बोटीलाही हीच मोटर लावता येईल, या विचाराने लांब शाफ्ट घेण्याचा मोह टाळावा. तो लहान होडीवर फार खोल जातो, उथळ पाण्यात आपटतो आणि चालताना पाण्याचे फवारे मागून अंगावर येतात.

मोटर

मोटरी घराण्याघराण्यांत येतात आणि हे ज्ञान खरेदीत फार उपयोगी पडते. एका कंपनीच्या ४, ५ आणि ६ अश्वशक्तीच्या मोटरींचा मूळ ठोकळा बहुधा एकच असतो आणि वजनातही विशेष फरक नसतो. ८ आणि ९.९ चेही तसेच, आणि काही कंपन्यांत ९.९, १५ आणि २० हे एकाच घराण्यातले असतात. म्हणून एकदा वजनाचे घराणे ठरले, की होडीच्या पाटीवरची मर्यादा न ओलांडता त्या घराण्यातील सर्वांत जास्त शक्तीची मोटर घ्यावी. जास्तीचे वजन जवळपास न वाढता जास्तीची ताकद मिळते. किमतीतील फरक आणि त्या प्रदेशातील परवान्याची मर्यादा मात्र तपासावी, कारण अनेक देशांत ठराविक अश्वशक्तीच्या वर चालकाचा परवाना किंवा होडीची नोंदणी लागते.

दोन-स्ट्रोक मोटर हलकी आणि दुरुस्तीला सोपी असते, परंतु कार्ब्युरेटरच्या नव्या दोन-स्ट्रोक मोटरी युरोप आणि अमेरिकेत प्रदूषणाच्या नियमांमुळे विकल्या जात नाहीत. त्यामुळे तेथे नवी घेणाऱ्यापुढे प्रत्यक्षात चार-स्ट्रोक पेट्रोल मोटर किंवा विजेची मोटर हे दोनच पर्याय उरतात.

चार-स्ट्रोकमध्ये दोन ते तीन अश्वशक्तीची मोटर १३ ते १८ किलोंची असते. तिच्यात सुमारे एक लिटरची टाकी अंगातच असते आणि काहींत मागे जाण्याचा गिअर नसतो. मोटर पूर्ण फिरवून मागे जावे लागते. ही सवय लवकर होते. सर्वांत लहान मोटरींपैकी काही हवेने थंड होतात, त्यांना पाण्याचा पंप नसतो आणि देखभाल कमी असते, पण आवाज जास्त असतो. चारच्या वर न्यूट्रल आणि रिव्हर्स मिळतात आणि बाहेरची १२ लिटरची टाकी जोडता येते. इंधनाचा खर्च पूर्ण वेगात दर अश्वशक्तीला ताशी सुमारे ०.३८ लिटर धरावा. म्हणजे सहाची मोटर ताशी सव्वादोन लिटरच्या आसपास पिते.

आठच्या पुढे इंधन-इंजेक्शन मिळत असेल, तर त्यासाठी थोडे जास्त वजन आणि पैसे सोसावेत असे माझे ठाम मत आहे. आठवडाभर न वापरलेल्या कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो आणि मोटर सुरू न होण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच तेथूनच येतात. इंजेक्शनमध्ये हा त्रास पुष्कळ कमी होतो. बटणाने सुरू होणारी मोटर आरामाची असली, तरी बॅटरीचे वजन आणि तारांचा गंज तिच्याबरोबर येतो. लहान होडीत दोरीने सुरू होणारी मोटरच मला योग्य वाटते, मात्र दोरी ओढण्याची चाचणीही त्याच कमी ताकदीच्या व्यक्तीने करावी.

विजेच्या मोटरीबद्दल स्वच्छ हिशोब करावा. एक किलोवॅटची मोटर साधारण तीन अश्वशक्तीच्या पेट्रोल मोटरीच्या जागी वापरतात. तिची बॅटरी सुमारे एक किलोवॅट-तासाची असते, म्हणून पूर्ण वेगात ती तासभर चालते. परंतु लागणारी शक्ती वेगाच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते; त्यामुळे वेग अर्ध्यावर आणला तर पल्ला सुमारे चौपट होतो. मोटर, शाफ्ट आणि बॅटरी वेगवेगळ्या करून उचलता येतात, पेट्रोल साठवावे लागत नाही आणि रात्री शेजारच्या बोटींची झोप मोडत नाही. बोटीवर सौर पॅनेल असतील आणि अंतर एक सागरी मैलाच्या आत असेल, तर आज मी पेट्रोलऐवजी हीच घेईन. प्लेनिंग हवे असेल, तर मात्र या आकाराच्या विजेच्या मोटरीचा विचार सोडावा.

पहिल्यांदा हवा भरताना

होडी स्वच्छ, सपाट जागेवर उलगडावी आणि घाई न करता पुढील क्रम पाळावा.

१. सर्व व्हॉल्व्ह भरण्याच्या स्थितीत आणावेत आणि प्रत्येक ट्यूबमध्ये आकार येण्यापुरतीच हवा भरावी. कप्प्यांमधला पडदा कापडाचा असतो. एक कप्पा पूर्ण भरून शेजारचा रिकामा ठेवला, तर पडद्यावर एकतर्फी ताण येतो.

२. त्यानंतर फिरून एकेका कप्प्याचा दाब थोडा थोडा वाढवत पाटीवरील आकड्यापर्यंत न्यावा. तो बहुधा ०.२५ बार, म्हणजे साधारण साडेतीन पीएसआय असतो. अंगठ्याने दाबून अंदाज करू नये, दाबमापक वापरावा.

३. तळ आणि शेवटी कणा भरावा, मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तो पाळावा. उच्च दाबाच्या तळासाठी दोन टप्प्यांचा पंप लागतो, कारण साध्या पायपंपाने ०.७ बार गाठताना पाय थकतात आणि तळ मऊच राहतो.

४. व्हॉल्व्हवर आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत आणि होडी चोवीस तास तशीच सोडावी.

या चोवीस तासांतील दाबाचा अर्थ लावताना तापमान विसरू नये. ट्यूबमधील हवा २० अंशांवर ०.२५ बार भरली आणि उन्हाने ती ४० अंशांवर गेली, तर दाब ०.३३ बारच्या आसपास पोहोचतो. म्हणजे कोणी हवा न भरता तो तिसऱ्या हिश्शाने वाढतो. म्हणून किनाऱ्यावर उन्हात ठेवण्यापूर्वी थोडी हवा सोडावी आणि थंड पाण्यात उतरवल्यावर पुन्हा भरावी. पाण्यात गेल्यावर होडी मऊ पडली, की लोक गळतीचा संशय घेतात. बहुतेक वेळा ती फक्त थंड झालेली असते. मऊ होडी चालवणे मात्र वाईटच, कारण ट्रान्सम आणि ट्यूब यांमधील सांधा प्रत्येक लाटेवर वाकतो आणि तेथूनच सुटू लागतो.

मोटर बसवताना

नव्या चार-स्ट्रोक मोटरीत बहुधा इंजिन ऑइल भरलेले नसते. पुस्तिकेत दिलेल्या प्रकारचे आणि मापाचे ऑइल भरून, पट्टीवर पातळी पाहूनच पुढे जावे. मोटर आडवी ठेवायची असेल, तर तिच्या अंगावर दाखवलेल्या बाजूवरच ठेवावी. चुकीच्या बाजूवर ऑइल सिलिंडरमध्ये उतरते.

ट्रान्समच्या मधोमध मोटर ठेवून दोन्ही क्लॅम्प हाताने, सारखे आणि घट्ट आवळावेत. मोटरीला सुरक्षेचा दोर बांधूनच ती बोटीवरून खाली उतरवावी आणि तो दोर होडीच्या कडीला बांधलेला ठेवावा. क्लॅम्प सैल झाल्याने मोटर पाण्यात जाणे हा अपघात दुर्मिळ नाही. पंधरा मिनिटे चालवल्यावर आणि नंतर प्रत्येक फेरीपूर्वी क्लॅम्प पुन्हा आवळून पाहावेत.

पंख्याच्या वर असलेली आडवी चपटी पट्टी होडीच्या तळाच्या बरोबरीत किंवा त्याच्या अडीच सेंटिमीटरपर्यंत खाली असावी. ती वर राहिली, तर वळताना पंखा हवा खेचतो आणि मोटर नुसती किंचाळते. फार खाली गेली, तर ओढ वाढते. त्यानंतर कोनाची पिन, म्हणजे मोटर किती तिरकी राहील ते ठरवणारी पिन. होडी चालत असताना ती पट्टी पाण्याला समांतर हवी. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, आकाशाकडे उचलली जात असेल, तर मोटर ट्रान्समकडे एक भोक आत घ्यावी. नाळ पाण्यात खुपसत असेल, तर एक भोक बाहेर. एकटा माणूस मागे बसून पूर्ण थ्रॉटल देतो, तेव्हा नाळ उंच उठते आणि समोरच्या वाऱ्याने होडी उलटू शकते. टिलरच्या, म्हणजे मोटर वळवण्याच्या दांड्याच्या, हँडलला लांबीचा दांडा जोडून चालकाने मधल्या बाजूस सरकणे हा यावरचा उत्तम उपाय आहे. हा दांडा स्वस्त आहे आणि मी त्याला चैनीत नव्हे, गरजेत मोजतो.

पहिले दहा तास

मोटरीचे आयुष्य या काळात बरेच ठरते. नेमके आकडे पुस्तिकेतून घ्यावेत, परंतु सर्वसाधारण पद्धत अशी की पहिला तास कमी वेगाने, दुसरा अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, त्यानंतर आठ तास पाऊण थ्रॉटलपर्यंत चालवावी आणि वेग सतत बदलता ठेवावा. एकाच वेगावर दीर्घकाळ ठेवू नये. दहा तासांनंतर नेहमीचा भार घेऊन पूर्ण थ्रॉटल देऊन पाहावे आणि शक्य असेल तर लहानसा टॅकोमीटर लावून फेरे मोजावेत. बहुतेक लहान चार-स्ट्रोक मोटरींची अपेक्षित मर्यादा मिनिटाला ५००० ते ६००० फेऱ्यांच्या आसपास असते. मोटर तेथपर्यंत पोहोचत नसेल, तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पाण्यात पुढे सरकण्याचे अंतर, जास्त आहे. एक इंच कमी पिचचा पंखा लावला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. मोटरीबरोबर येणारा पंखा हलक्या भारासाठी निवडलेला असू शकतो, आणि दोन माणसांना घेऊन न उचलणारी होडी कमी पिचच्या पंख्याने उचललेली मी पाहिली आहे. मोठी मोटर घेण्याआधी पंखा बदलून पाहावा.

पाण्याने थंड होणारी मोटर सुरू झाली, की मागून पाण्याची बारीक धार येते आहे का ते प्रत्येक वेळी पाहावे. ती नसेल तर मोटर तत्काळ बंद करावी. पहिली सर्व्हिस वीस तासांनी किंवा महिन्याभराने करून इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल दोन्ही बदलावीत, आणि पुढे दर शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा.

होडीत काय असावे

मोटर थांबवणाऱ्या कळीची दोरी, म्हणजे किल कॉर्ड, पायाला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय मोटर सुरू करायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून घरात लावावा. चालक पाण्यात पडल्यावर रिकामी होडी गोल फिरत त्याच्याकडेच परत येते आणि पंख्याच्या जखमा त्यातूनच होतात. दुसरी दोरी होडीतच ठेवावी, म्हणजे चालक पडल्यावर उरलेल्यांना मोटर सुरू करता येईल. प्रत्येकासाठी जीवरक्षक जॅकेट, पाणी उपसायचे भांडे, शिटी आणि जलरोधक टॉर्च कायम होडीत असावेत. हाती धरायचा व्हीएचएफ रेडिओ दर फेरीला सोबत घ्यावा.

बांधण्याचा पुढचा दोर पाण्यावर तरंगणारा घ्यावा, नाही तर तो सैल पडून पंख्यात जातो. नांगर दीड ते अडीच किलोंचा, त्याला दीड-दोन मीटर साखळी आणि ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा वीस-तीस मीटर दोर पुरतो. खोलीच्या किमान पाचपट दोर सोडावा. चार मीटर पाण्यात वीस मीटर. मोटर बंद पडल्यावर वारा होडीला खोल समुद्राकडे नेत असतो, तेव्हा हाच नांगर विचार करायला वेळ देतो.

अंधारात दिवा हवाच. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सात मीटरपेक्षा लहान आणि कमाल सात नॉट वेगाच्या यांत्रिक होडीला सर्व दिशांनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो, आणि शक्य असल्यास बाजूचे लाल-हिरवे दिवेही असावेत. तुमची होडी प्लेनिंग करत असेल, तर ती या सवलतीत बसत नाही. बाजूचे दिवे लावावेच लागतात. पांढरा दिवा चालकाच्या डोक्यापेक्षा उंच दांड्यावर असावा, अन्यथा तो मागून दिसतो पण पुढून नाही, आणि चालकाचेच डोळे दिपवतो.

इंधनाची टाकी पट्ट्याने बांधावी आणि शक्य तेवढी पुढे ठेवावी, म्हणजे मागचे वजन कमी होते. नळीत पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा. उचलण्याचा पट्टा आखूड-लांब करता येणारा, होडीच्या मजबूत कड्यांना जोडलेला आणि मोटरीसह समतोल राहील असा घेऊन एकदा शांत पाण्यात उचलून पाहावे. रात्री होडी पाण्यातून वर उचलून ठेवली की चोरी टळते आणि तळावर शेवाळही धरत नाही. किनाऱ्यावर मात्र पोलादी तारेचे कुलूप टाकी, मोटर आणि होडी तिन्हींतून ओवून लावावे. ट्यूबवर जाड कापडाचे अभ्रे शिवून घेतले, तर उन्हापासून कापड वाचते. हे काम होडी नवी असतानाच करावे. भरती-ओहोटीच्या लांब किनाऱ्यावर ट्रान्समला लावायची चाके नसतील, तर दोन माणसांना होडी ओढत नेणे जड जाते.

खुल्या पाण्यात होडी मागे ओढताना मोटर काढून बोटीवर घ्यावी आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांना दुहेरी दोर बांधून ओढावी. एकाच कडीवर सगळा ताण आला, तर ती कापडासह उपटून येते.

परतल्यावर

खाऱ्या पाण्यातून आल्यावर मोटरीत पाच ते दहा मिनिटे गोडे पाणी फिरवावे. कार्ब्युरेटरची मोटर काही दिवस बंद राहणार असेल, तर इंधनाची नळी काढून ती आपोआप थांबेपर्यंत चालवावी आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल काढून टाकावे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी शोषते, म्हणून ते महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नये. ट्यूब सौम्य साबणाने धुवाव्यात. सिलिकॉनची चमक आणणारी पॉलिशे टाळावीत, कारण पुढे कधी ठिगळ लावायची वेळ आली तर त्यावर गोंद धरत नाही.

सुट्या भागांची एक लहान पेटी बोटीवर ठेवावी: स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, पंख्याची पिन, इम्पेलर (पाण्याच्या पंपातील रबरी चक्र), सुरू करण्याची दोरी, किल कॉर्ड, गंज रोखणारा झिंकचा तुकडा, एक जादा व्हॉल्व्ह आणि आपल्याच कापडाचा दोन भागांचा गोंद. गोंदाच्या डब्यावरील मुदत दरवर्षी पाहावी आणि ठिगळ लावताना हवा सोडून, दोन्ही पृष्ठभाग घासून, कोरड्या दिवशी लावावे. चिकटवल्यावर पूर्ण दाब भरण्याआधी चोवीस तास थांबावे.